माउंट म्हणजे काय रे भाऊ?

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. कारण इंग्रजीत त्याची व्याख्या मी पाठ केली होती, ओरलला घडाघडा म्हटली होती आणि मार्क्सही मिळवले होते. तरीही गेल्या सेमला, प्रोजेक्ट सबमिशनच्या दोन दिवस आधी, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

झालं असं. माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवरचं लिनक्सचं पार्टिशन भरत आलं होतं. डिस्कवर विंडोजच्या बाजूला भरपूर जागा होती. तिथे तिने नवीन पार्टिशन केलं, ईएक्सटी-फोरमध्ये फॉरमॅट केलं आणि आपल्या 'प्रोजेक्ट' फोल्डरवर माउंट केलं. तिचा हिशोब साधा होता, फोल्डरला आता जास्त जागा मिळेल. फोल्डर उघडला, तर आत काहीच नाही! चार महिन्यांचा कोड, रिपोर्ट, सगळं गायब. होता तो एकच फोल्डर, त्याचं नाव 'लॉस्ट प्लस फाउंड'. ते वाचून तर तिला रडूच कोसळलं. बॅकअप? तो हॉस्टेलवर कोण घेतं!

मी म्हणजे व्याख्या पाठ असलेली हुशार मुलगी. म्हटलं, "अगं, फॉरमॅट करताना तेच उडवलंस बहुतेक." शेजारच्या रूममधून सल्ला आला, "सगळं फॉरमॅट मार आणि लिनक्स परत टाक." नशीब, तिने ऐकलं नाही.

सकाळी लॅबच्या काकांना गाठलं. त्यांनी आधी 'डीएफ' कमांड दिली. जुनं पार्टिशन अजूनही ९७ टक्के भरलेलं. काका म्हणाले, "फाइल्स उडाल्या असत्या तर हा आकडा खाली नसता का आला?" मग त्यांनी 'यूमाउंट' दिलं. उत्तर आलं, 'टार्गेट इज बिझी'. कारण टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उभं होतं. 'सीडी' करून बाहेर आले, परत यूमाउंट, आणि सगळ्या फाइल्स जागच्या जागी!

यात जादू काही नाही. विंडोजमध्ये पार्टिशनला सी, डी अशी अक्षरं मिळतात (ए आणि बी पूर्वी फ्लॉपीसाठी असायची). लिनक्समध्ये झाड एकच, त्याचं मूळ म्हणजे नुसता स्लॅश. दुसरं पार्टिशन वापरायचं तर ते झाडावरच्या एखाद्या डिरेक्टरीला जोडायचं. डिरेक्टरी म्हणजे दार समजा. माउंट केलं की तेच दार नव्या खोलीत उघडतं. जुन्या खोलीतलं सामान तिथेच असतं, फक्त दार तिकडे जात नाही. सामान हलत नाही, कॉपी होत नाही, पुसलंही जात नाही. आणि तो 'लॉस्ट प्लस फाउंड' फोल्डर? तो नवीन ईएक्सटी-फोर पार्टिशनवर आपोआप तयार होतो. डिस्क दुरुस्त करताना सापडलेले, बेवारस झालेले तुकडे ठेवायला.

मग काकांनी नवीन पार्टिशन आधी वेगळ्या जागी, 'एमएनटी'वर, माउंट केलं, फाइल्स तिकडे कॉपी केल्या, मालकी रूममेटच्या नावावर केली आणि नंतर ते 'प्रोजेक्ट'वर जोडलं. रीबूटनंतरही टिकावं म्हणून 'एफएसटॅब' फाइलमध्ये एक ओळ टाकली, तीही यूयूआयडी देऊन. डिस्कचं 'एसडीए' वगैरे नाव बदलू शकतं, यूयूआयडी मात्र पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो.

आता माझा मुद्दा. चूक रूममेटची नव्हती. आपल्या जर्नलमध्ये कमांड्सची यादी असते, ती आपण सीनियरच्या फाइलवरून उतरवतो, सही घेतो आणि मोकळे होतो. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या १९७४ सालच्या युनिक्सवरच्या पेपरमध्ये माउंट समजावलेलं आहे. म्हणजे कल्पना पन्नास वर्षांहून जुनी, आणि आपण ती अजून पाठच करतोय!

काही जण म्हणतील, आजकाल पेनड्राइव्ह लावला की आपोआप माउंट होतो, मग हवं कशाला? पण तोच पेनड्राइव्ह तसाच उपटला की कधीकधी फाइल अर्धवट का राहते? कारण लिहायचा डेटा काही काळ रॅममध्येच थांबलेला असतो, यूमाउंट करताना तो खाली उतरतो. हे माहीत असलेला माणूस घाई करत नाही.

सरांना काळजी वाटेल की पोरं लॅबची मशीन्स बिघडवतील. रास्त आहे. मग व्हर्च्युअल मशीनवर करू द्या, किंवा एक रिकामी फाइल डिस्क म्हणून वापरू द्या, लिनक्समध्ये तेही जमतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला भरलेल्या डिरेक्टरीवर माउंट करायला लावा, फाइल्स गायब होऊ द्या, पोरांना घाबरू द्या आणि मग यूमाउंट करायला सांगा. अर्ध्या तासाचं काम. ओरलला व्याख्येऐवजी एवढंच विचारा, "फाइल्स कुठे गेल्या?"

तोपर्यंत कुणाच्या फाइल्स अशा गायब झाल्या, तर फॉरमॅट मारण्याआधी आमच्या रूमवर या. रूममेट आता फुकट सल्ला देते. चहा तेवढा तुमचा!