अदृश्य भेग आणि तपासणीची सक्ती

जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात ब्लानिक एल-१३ जातीच्या एका ग्लायडरचा उजवा पंख उड्डाण चालू असतानाच मुळाशी तुटून वेगळा झाला आणि प्राणघातक अपघात घडला. प्राथमिक चौकशीने बोट ठेवले ते पंखाच्या आतील मुख्य तुळईवर आणि त्या तुळईच्या धातूला आलेल्या थकव्यावर. त्याच महिन्यात युरोपच्या विमानवाहतूक सुरक्षा संस्थेने तातडीचा आदेश काढला. या जातीच्या प्रत्येक ग्लायडरच्या पंखाचे मूळ तपासावे, भेग आहे की नाही ते पाहावे आणि त्यावाचून उड्डाण करू नये, असे त्यात फर्मावण्यात आले. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनानेही त्यापाठोपाठ असाच आदेश दिला. काही महिन्यांतच गोष्ट तपासणीवरून सरसकट उड्डाणबंदीवर गेली.

ब्लानिक हे काही एखाद्या हौशी कारागिराने परसात जुळवलेले यंत्र नव्हते. चेकोस्लोव्हाकियात कारेल द्लौही यांनी आखलेले हे दोन आसनी धातूचे ग्लायडर १९५६ मध्ये प्रथम उडाले. कुनोविसे येथील कारखान्यात त्याच्या अडीच हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या आणि जगभरच्या ग्लायडिंग क्लबांत हजारो तरुणांनी उड्डाणाचे पहिले धडे त्याच्याच आसनावर बसून गिरवले. म्हणजे ज्या यंत्रावर सर्वांचा विश्वास होता त्याच यंत्राने दगा दिला. म्हणूनच सक्तीच्या तपासणीचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. ज्याला धोका दिसत नाही त्याचे रक्षण कोणी करावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, असा तो मूलतः सामाजिक व आर्थिक प्रश्न आहे.

धातू थकतो म्हणजे काय?

ग्लायडरला इंजिन नसते. त्यामुळे त्यात मोडण्यासारखे फार काही नसते, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की, हवेत तरंगणाऱ्या यंत्राचा सारा भार पंखांवर असतो आणि पंखाचा भार त्याच्या मुळाशी एकवटतो. उड्डाण होताच पंख वर वाकू पाहतो आणि तुळईच्या खालच्या कडेला ताण बसतो. जमिनीवर उतरताच तो ताण नाहीसा होतो. पातळ तार एकदा वाकवल्याने तुटत नाही, पण पुनःपुन्हा वाकवली की तुटते, हा अनुभव शाळकरी मुलालाही असतो. तुळईच्या बाबतीत हेच अतिशय सूक्ष्म प्रमाणावर व वर्षानुवर्षे घडत असते. रिव्हेटच्या एखाद्या छिद्राच्या कडेला बारीक भेग पडते, ती प्रत्येक उड्डाणागणिक तिळातिळाने पुढे सरकते आणि एके दिवशी उरलेला धातू भार पेलेनासा होतो.

हे ज्ञान नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियात ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून हे दाखवून दिले होते की, एका वेळी सहज पेलणारा भारही वारंवार पडला तर पोलादाला मोडू शकतो. १९५४ मध्ये ब्रिटिश बनावटीची कॉमेट ही दोन प्रवासी जेट विमाने काही महिन्यांच्या अंतराने समुद्रात कोसळली, तेव्हा त्याच तत्त्वाची फार मोठी किंमत मोजावी लागली. शिवाय विमानासाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू या बाबतीत पोलादाहून अधिक नाजूक आहेत. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ अमर्याद काळ सोसू शकते. ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही. भार कमी असला तर ते उशिरा थकते, एवढेच.

सक्ती कशासाठी?

सक्तीच्या विरोधात एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ग्लायडिंग हा सज्ञान माणसांनी स्वेच्छेने पत्करलेला क्रीडाप्रकार आहे. धोका त्यांचा, पैसाही त्यांचाच. मग सरकारने मध्ये का पडावे? ज्या क्लबला आपल्या सभासदांची काळजी असेल तो आपणहून तपासणी करील आणि ज्याला नसेल तो क्लब सभासद सोडून जातील, असे हे म्हणणे आहे.

या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. धोका पत्करणाऱ्याला धोका किती आहे याची कल्पना असते, हे ते गृहीत होय. प्रत्यक्षात पंखाच्या आतली भेग शिकाऊ वैमानिकाला दिसत नाही. ती शोधण्यासाठी विशिष्ट भाग उघडावा लागतो. भिंग, रंगद्रव्य किंवा विद्युतप्रवाहावर चालणारी उपकरणे वापरावी लागतात आणि ती वापरणारी प्रशिक्षित नजर लागते. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्यापाशी माहिती नाही आणि जो माहिती मिळवू शकतो त्याला ती मिळवण्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन १९७० मध्ये दाखवले होते की, विक्रेत्याला माहीत असलेले वैगुण्य ग्राहकाला कळत नसेल तर चांगला माल बाजारातून हटतो आणि वाईट टिकतो. ग्लायडर क्लबचीही गत तीच. तपासणीवर खर्च करणाऱ्या क्लबची वर्गणी वाढते, न करणाऱ्याची कमी राहते आणि नवशिक्या सभासदाला दिसतो तो फक्त वर्गणीचा आकडा. शिवाय हे सभासद नेहमी सज्ञानच असतात असेही नाही. अमेरिकेत वयाच्या १४ व्या वर्षी ग्लायडर एकट्याने उडवता येते. त्या वयाच्या मुलाने धोका समजून-उमजून पत्करला असे म्हणणे हा शब्दच्छल ठरेल.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. ऑस्ट्रियातील अपघातातून मिळालेले ज्ञान ही एका क्लबची मालमत्ता नव्हे. हजारो मैल दूर असलेल्या, त्याच जातीचे ग्लायडर उडवणाऱ्या माणसाला ते तातडीने कळणे आवश्यक असते. बाजार हे काम करत नाही. कारण या ज्ञानाची किंमत वसूल करता येत नाही. प्रत्येक देशाच्या यंत्रणेने ते आदेशाच्या रूपाने आपल्याकडील प्रत्येक मालकापर्यंत पोचवणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. एका पंखाच्या तुटण्याने इतर सर्व पंखांची तपासणी व्हावी, ही सक्तीच्या आदेशामागची खरी नीती आहे.

खर्च आणि हिशेब

तपासणीचा खर्च मोठा वाटतो, कारण तो एकदम द्यावा लागतो. समजा, एका तपासणीला २० हजार रुपये लागले आणि ते ग्लायडर वर्षाला ५०० उड्डाणे करते; तर वर्षातून एकदा तपासणी केल्यास दर उड्डाणामागे ४० रुपये पडतात. बहुतेक तपासण्यांत भेग सापडत नाही, म्हणून हे पैसे वाया गेले असे म्हणणारेही आढळतात. आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे म्हणण्यासारखेच ते आहे. भेग नाही हे कळणे, हेच त्या पैशाचे मोल आहे.

तथापि, ब्लानिकचे प्रकरण तपासणीच्या समर्थकांनाही अंतर्मुख करणारे आहे. आदेश उड्डाणबंदीपर्यंत गेला, याचा अर्थ नुसत्या तपासणीवर विसंबता येत नाही असाच होतो. पंखाचे आयुष्य तासांत मोजतात, पण तो आकडा ग्लायडर कसे वापरले जाईल याविषयीच्या काही अपेक्षांवर बेतलेला असतो. विंचच्या दोराने वर खेचलेले शिकाऊ उड्डाण काही मिनिटांत संपते. तासाभरात पंखावर असे भार अनेकदा येऊन जातात. निवांतपणे दोन तास तरंगणाऱ्या ग्लायडरचा तास आणि हा तास सारखे नव्हेत. हवाई कसरतींचा तास तर आणखीच वेगळा. म्हणून पंखाचे खरे वय ठरते ते लॉगबुकमधील प्रामाणिक नोंदींवरून. किती उड्डाणे, कोणत्या पद्धतीने, किती कसरती हे लिहिलेच नसेल, तर भिंगातून पाहणारा निरीक्षक अर्धा आंधळा असतो. नोंदवहीचे पान रिकामे ठेवणाऱ्याला आज कोणतीही किंमत मोजावी लागत नाही, उलट कागदोपत्री त्याचे ग्लायडर तरुणच राहते. नियमातील ही उणीव भरून काढल्याखेरीज तपासणीची सक्ती पुरी फलदायी होणार नाही.

भार कोणावर, हा प्रश्न उरतोच. बंदीनंतर पंखाला मजबुती देणाऱ्या बदलांना मान्यता मिळाली आणि ते करून घेतलेली ब्लानिक पुन्हा उडू लागली. पण जुन्या ग्लायडरच्या मानाने हा खर्च लहान क्लबांना झेपणारा नव्हता. अनेक ग्लायडरे हँगरमध्येच पडून राहिली आणि त्यांच्याबरोबर कमी पैशात उड्डाण शिकण्याची संधीही. पुण्यात हडपसर येथे केंद्र सरकारच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने चालवलेल्या ग्लायडिंग केंद्रासारख्या ठिकाणी असा बोजा सरकारी तिजोरीवर पडतो. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या क्लबांना ती सोय नसते. सुरक्षिततेचा लाभ सर्वांना आणि भुर्दंड सर्वांत दुबळ्याला, ही वाटणी न्यायाची नाही. तपासणीची उपकरणे व निरीक्षक अनेक क्लबांना मिळून उपलब्ध करून देणे, विम्याच्या हप्त्यात नियमित तपासणी करणाऱ्याला सवलत ठेवणे आणि शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लायडरांच्या खर्चाचा काही वाटा शासनाने उचलणे, हे मार्ग अशक्य कोटीतले नाहीत.

सक्ती हा शब्द कानाला कठोर लागतो. परंतु जेथे धोका डोळ्यांना दिसत नाही आणि जेथे तो पाहण्याची जबाबदारी प्रत्येकजण दुसऱ्यावर ढकलू शकतो, तेथे सक्ती हीच सौजन्याची परिसीमा ठरते. मात्र सक्ती करणाऱ्याने तिचा भार वाटून घेण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. नाहीतर नियम कागदावर राहील, नोंदवहीची पाने कोरी राहतील आणि भेग मात्र तिच्या गतीने पुढे सरकत राहील.