अपयशी कोण, प्रशिक्षक की मालक? एफसी पुणे सिटीची पाच वर्षे (थ्रेड)

१/ जुन्नर-आंबेगावच्या इतिहासावरील आपल्या धाग्यांत लेणी, घाटवाटा आणि किल्ले नेहमीच येतात. आज थोडी वेगळी वाट धरू. जिल्हा आपलाच, पण विषय फुटबॉलचा. ५ हंगामांत ७ प्रशिक्षक पाहणारा आणि अखेर नामशेष झालेला एक क्लब : एफसी पुणे सिटी.

२/ १२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग सुरू झाली. पुण्याचा संघ वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन यांच्या मालकीचा होता. मैदान बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. मंचर, नारायणगाव, जुन्नरच्या मुलांना दूरचित्रवाणीवर नव्हे, तर आपल्याच जिल्ह्यात मोठा फुटबॉल पाहण्याची संधी प्रथमच इतक्या थाटात आली.

३/ पहिले प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोंबा. संघात विश्वविजेता दाव्हिद त्रेझेगे. ८ संघांत ६वा क्रमांक. कोलोंबा गेले. २०१५ मध्ये इंग्लंडचा नामवंत माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट आला. सोबत रुमानियाचा आद्रियान मुतू. क्रमांक ७वा. प्लॅटही गेला.

४/ २०१६ मध्ये अंतोनियो लोपेझ हबास. याच गृहस्थांनी २०१४ मध्ये कोलकात्याला लीगचे पहिले विजेतेपद मिळवून दिले होते. पुण्यात मात्र पुन्हा ६वा क्रमांक. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तेही गेले.

५/ २०१७-१८ मध्ये सर्बियाचे रांको पोपोविच. मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो यांच्या जोरावर संघ ४थ्या क्रमांकावर आला आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. बंगळूरूविरुद्ध पुण्यातील सामना ०-० सुटला. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि ३-१ असा पराभव झाला. क्लबच्या इतिहासातील हा सर्वोत्तम हंगाम. पोपोविच पुढील हंगामात नव्हते!

६/ २०१८ मध्ये स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल. तीन सामने, एक गुण, आणि गच्छंती. मग प्रद्युम रेड्डी यांनी काही काळ हंगामी सूत्रे सांभाळली. त्यांच्यानंतर इंग्लंडचे फिल ब्राउन. १० संघांत ७वा क्रमांक. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींनी क्लबच गुंडाळला गेला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादला मिळाली.

७/ अशी यादी वाचली की आपण सहज म्हणतो, ‘काय एकेक नग आणले होते!’ माझे मत वेगळे आहे. एखाददुसरा प्रशिक्षक चुकला असे म्हणता येते. सातही चुकले असतील, तर चूक निवडणाऱ्याची असते. आणि सातही चुकले नव्हते, याला पुरावा आहे.

८/ पुरावा पहिला : हबास. पुण्यात ‘अपयशी’ ठरलेल्या याच माणसाने मार्च २०२० मध्ये कोलकात्याला पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. माणूस तोच, विद्या तीच. बदलले होते ते भोवतीचे घर.

९/ पुरावा दुसरा : हैदराबाद. पुण्याच्या जागेवर आलेला हा संघ पहिल्या हंगामात तळाला राहिला. फिल ब्राउन तेथेही होते आणि हंगामाच्या मध्यावरच गेले. मग २०२० मध्ये मानोलो मार्केझ आले. पहिल्या हंगामात ५वा क्रमांक, म्हणजे उपांत्य फेरी हुकली. पुण्याच्या रीतीने त्यांना तेव्हाच निरोप मिळाला असता. तेथे त्यांना राहू दिले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यात केरळला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेता झाला. पुढे मालकांची आर्थिक घडी विस्कटली, आणि २०२३-२४ मध्ये तोच संघ पुन्हा तळाला गेला.

१०/ पुरावा तिसरा आपल्याच घरातला. त्याआधीच्या पुणे एफसी या क्लबने डेरिक परेरा या गोवेकर प्रशिक्षकाला २००९ ते २०१३ अशी सलग वर्षे दिली. आय-लीगमध्ये पहिल्याच हंगामात ३रा क्रमांक, २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद. लीगचा करंडक त्यांनाही मिळाला नाही. केवळ करंडक मोजायचे, तर पुण्याचा सर्वांत भरवशाचा प्रशिक्षकही ‘अपयशी’च ठरतो. मग मोजमापच तपासायला नको काय?

११/ आता जुन्नरकडे वळू. निजामशाहीचा पाया मलिक अहमदने १४९० मध्ये येथेच घातला. मलिक अंबरने दीर्घकाळ कारभार सांभाळला, काही काळ राजधानीही जुन्नरला आणली आणि मोगलांना थोपवून धरले. १६२६ मध्ये तो वारला. त्यानंतर फतेहखानाला कारभार दिला, कैदेत टाकले, पुन्हा बाहेर काढले. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांसारखा मातब्बर सरदार दरबारातच मारला गेला. अखेरीस शहाजीराजांनी एका बालकाला गादीवर बसवून झुंज दिली, पण १६३६ मध्ये राज्य संपले. अंबरानंतर अवघ्या दहा वर्षांत!

१२/ राज्य आणि क्लब यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. निजामशाहीपुढे मोगलांची प्रचंड फौज होती, बालेवाडीपुढे नव्हती. तरी एक धागा समान आहे : कारभारी बदलणे म्हणजे कारभार सुधारणे नव्हे. दरबारालाच आपले धोरण ठाऊक नसेल, तर नवा कारभारी येतो आणि जुनेच अपयश नव्या नावाने नोंदवले जाते.

१३/ यावर कोणी म्हणेल, ‘मग नालायक माणसालाही सांभाळत बसायचे काय?’ मुळीच नाही. पण पारख करायलाही वेळ लागतो. आपल्या भागातला बैलगाडामालक एका घाटात बारी हुकली म्हणून खोंड बाजारात नेत नाही. आधी खुराक पाहतो, सराव पाहतो, जोडी जुळली की नाही ते पाहतो. तीन सामन्यांत यांतले काय कळते?

१४/ इतिहासाच्या अभ्यासकांनी म्हणूनच ‘अपयशी’ माणसांच्या याद्या सावधपणे वाचाव्यात. प्रत्येक नावासमोर तीन प्रश्न लिहावेत : त्याला नेमले कोणी? वेळ किती दिला? हाताशी काय दिले? सरदार असो, दिवाण असो वा फुटबॉलचा प्रशिक्षक, हे तीन रकाने भरल्यावर बहुतेक वेळा दोष दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर जमा होतो.

१५/ क्लब गेला, पण त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलेली मुले येथेच आहेत. उद्या जिल्ह्यात पुन्हा मोठा संघ उभा राहिला, तर त्यांनी ‘प्रशिक्षक कोण?’ याआधी ‘त्याला किती वर्षे देणार?’ हे विचारावे. तुमच्या मते त्या सातांपैकी सर्वाधिक अन्याय कोणावर झाला? माझे उत्तर : पोपोविच. तुमचे कारणासह लिहा.