सवय कुणाला होते?
रात्रपाळी ‘बहुधा कर्करोगकारक’, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटले, २०१९ मध्ये पुन्हा म्हटले. तरी ‘हळूहळू सवय होते’ हे पालुपद संपत नाही. जॉन जॅकलेट यांनी १९६९ मध्ये एका समुद्री गोगलगाईचा डोळा काढून अंधारात ठेवला. त्याचे विद्युतसंकेत तरीही दिवस-रात्र पाळत राहिले. पेशीतील प्रथिननिर्मिती काही तास रोखली, की हे घड्याळ सरकते. तिच्याच गोतातल्या ‘बुला’ची तर एकटी चेतापेशीसुद्धा आपला ताल धरते, हे १९९३ मध्ये दिसले. माणसाच्या मेंदूतील मुख्य घड्याळात सुमारे २० हजार पेशी आहेत. पाळी दर आठवड्याला बदलली, तर त्या जुळवून घेईपर्यंत पुढची पाळी लागलेली असते.