शब्दांची गंमत : धावणारा 'रन' आणि आपलं 'चालेल'



2020 च्या नोव्हेंबरात तेल अवीवहून दुबईला थेट विमानं सुरू झाली आणि आम्हां उभयतांना मुलाकडे जाणं सोपं झालं. गेल्या खेपेस घरात 'दुबई रन'ची गडबड होती. 2019 पासून नोव्हेंबरातल्या एका सकाळी शेख झायेद रोडवर मोटारी बंद ठेवतात आणि हजारो माणसं तिथे धावतात. आमचा दहा वर्षांचा नातू पप्पांबरोबर जाणार होता. दिवसभर तोंडात एकच शब्द, 'रन'!

एके संध्याकाळी आजीने त्याला कपाटातून ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला सांगितलं. तो आतूनच ओरडला, "आजी, दे हॅव रन आऊट!" आणि पळाला खेळायला. आजी हसली, "आता गोळ्यासुद्धा धावायला निघाल्या वाटतं!" रात्री बघते तर डबी रिकामी. मुलगा झोपलेला, त्याला कशाला उठवा? "एक दिवस नाही घेतली तर चालेल," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही 'चालेल'च. तिसऱ्या सकाळी चक्कर येऊन खाली बसली. धावपळ झाली, डॉक्टर झाले, देवाच्या कृपेने निभावलं. नातू मात्र रडून रडून सांगत होता, "मी सांगितलं होतं आजीला!"

खरंच, त्याने सांगितलं होतं. फक्त त्याचा 'रन' वेगळा आणि आजीचा वेगळा.

मुलांनो, हा तीन अक्षरी शब्द भारी लबाड आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी त्यावर नऊ महिने काम केलं. 2011 साली त्याचे अर्थ मोजले गेले 645! त्याआधी 1989 च्या आवृत्तीत 'सेट' हा शब्द 430 अर्थांनी पहिला होता. सर्दी झाली की नाक 'रन' होतं, आपलं गळतं. धुण्यात कपड्याचा रंग 'रन' होतो, आपला जातो. दुबईची मेट्रो ड्रायव्हरशिवाय 'रन' होते. आणि निवडणुकीला अमेरिकन माणूस धावतो, आपला उमेदवार मात्र उभा राहतो!

इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. दुकान चालतं, घड्याळ चालतं, पिक्चर चालतो, डोकं चालतं. आणि चालू माणूस असला, तर जरा जपून! दुबईत वाण्याकडे गेलात तर 'बरं, ठीक' या अर्थी अरबी शब्द ऐकाल, 'माशी'. आजी आधी माशी शोधू लागली! पण त्या शब्दाचा मूळ अर्थ 'चालणारा'. म्हणजे आपलंच 'चालेल' की!

आता त्या घरात दोन नियम आहेत. नातवाने आजीला औषधाचं मराठीतच सांगायचं, "आजी, गोळ्या संपल्या." आणि आजीने औषधाच्या बाबतीत 'चालेल' म्हणायचं नाही. पहिला नियम नातू नेटाने पाळतो. दुसऱ्याची अजून खात्री नाही.

बालमित्रांनो, 'चालणे'चे किती अर्थ होतात, ते आजी-आजोबांजवळ बसून मोजा आणि आम्हाला कळवा. जाता जाता त्यांच्या गोळ्यांची डबीही उघडून बघा.