आमचुराची वाट

मसाल्याच्या डब्यात आमचूर असते. ते संपले की दुकानातून आणले जाते आणि दुकानदार ते मोठ्या पेठेतून आणतो. त्याच्याही मागे जाऊन विचारले, तर मसाल्याच्या व्यापारातली जुनी माणसे धडगाव आणि मोलगी ही दोन नावे घेतात. ही गावे नकाशावर नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या रांगांमध्ये आहेत. बहुतेकांना ती नावापुरतीच माहीत असतात.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांत सुमारे सात आदिवासी. जिल्ह्याचे शहर सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असल्याने तेथपर्यंतचा प्रवास सोपा आहे. हिवाळ्यात गेल्यास शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळताना दिसते आणि ठसका लागतो. शहरातील शिरीषकुमारचे स्मारक मात्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात येथे पाच जण हुतात्मा झाले. गुजराती व्यापारी कुटुंबातला शिरीषकुमार मेहता त्यांतला एक. त्याचे वय सोळाही पूर्ण नव्हते.

खरा डोंगर तळोद्यानंतर सुरू होतो. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटाने आणि अक्कलकुव्याहून मोलगीला देवगोई घाटाने जावे लागते. पावसाळ्यात दरड कोसळली की वाट बंद पडते. जैन यात्रेकरूला सातपुडा अगदीच परका नाही. याच रांगेत, सीमेपलीकडे बडवानीजवळ, बावनगजा येथे आदिनाथांची ८४ फुटी मूर्ती डोंगराच्या कड्यात कोरलेली आहे. परंतु त्या यात्रेत डोंगराकडे पाहिले जाते, डोंगरात राहणाऱ्यांकडे सहसा नाही.

येथे 'आदिवासी' हा एकच शब्द फार अपुरा पडतो. अक्राणीत पावरा आणि भिल्ल, अक्कलकुवा-तळोद्याकडे वसावे, तडवी, पाडवी अशा आडनावांची भिल्ल कुळे, नवापूरकडे मावची म्हणजे गावित आणि कोकणा. प्रत्येकाची बोली निराळी. पावरी बोलणाऱ्याची भाषा नवापूरच्या मावचीला चटकन समजेलच असे नाही, आणि मैदानातल्या अहिराणीशी तर दोघांचेही अंतर आहे. गावाची रचनाही वेगळी असते. एका ठिकाणी दाटीने वस्ती नसून प्रत्येक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर, आणि अशा काही घरांचा मिळून पाडा. विवाहात मुलाकडचे मुलीकडच्यांना 'देज' देतात. हुंड्याच्या याद्या पाहिलेल्या वाचकांनी ही उलटी नोंद लक्षात ठेवावी. शेतीच्या कामाला शेजारीपाजारी एकत्र येतात, त्या दिवशी यजमानाने सर्वांना जेवू घालायचे आणि पुढे त्यांच्या शेतावर जायचे, या रीतीला 'लाहा' म्हणतात. पासबुक नसलेली ही ठेव वेळेवर परत मिळते.

आमचुराचे काम उन्हाळ्यात चालते. शेताच्या बांधावर आणि उतारावर गावठी आंब्याची जुनी झाडे असतात. कोणते झाड कोणत्या घराचे, हे ठरलेले असते. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, त्यांच्या फाकी करायच्या आणि खडकावर किंवा अंगणात वाळत घालायच्या. हे काम मुख्यतः बायका आणि मुले करतात. वाळताना कैरीचे वजन फार घटते, म्हणून टोपल्यांमागून टोपल्या सोलल्या तरी पोते भरायला वेळ लागतो. माल पांढरा, स्वच्छ राहिला तर भाव चांगला. वैशाखात अवकाळी सर आली आणि फाकी काळ्या पडल्या, तर तीच मेहनत कमी भावाने जाते. त्या एका सरीत घराचे वर्षाचे रोख उत्पन्न घटू शकते.

बाजारच्या दिवशी ही पोती धडगाव-मोलगीला येतात. विक्रेता निम्नस्तराचा आणि खरेदीदार वरचा, असा देखावा येथे पहिल्याच नजरेत जाणवतो; एकाच्या हातात काटा असतो आणि दुसऱ्याला संध्याकाळच्या जीपने परत जायचे असते. मैदानातला शेतकरी धान्य गोदामात ठेवून तारण कर्ज काढतो आणि भावाची वाट पाहतो. पाड्यावरच्या घराकडे पावसाळ्यात पोते कोरडे ठेवायला जागा नसते, आणि वाट पाहायला लागणारी रोकड त्याहून नसते. म्हणून माल आला त्याच दिवशी, मिळेल त्या भावाने जातो. यात कोणी फसवलेच पाहिजे असे नाही. काटा अगदी बरोबर असला, तरी घाई एकाच बाजूला असते.

काटा नेहमीच बरोबर होता, असेही म्हणता येत नाही. खानदेशातल्या सावकारीचा इतिहास आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांच्या चोपड्यांना स्पर्श करतो, तेव्हा तो आडपडदा न ठेवता पाहावा. आषाढात धान्य उसने द्यायचे आणि कार्तिकात नवे पीक आल्यावर सवाईने किंवा दिढीने परत घ्यायचे, ही सर्वमान्य रीत होती. दिढी म्हणजे एका मणाचे दीड मण. पाच महिन्यांत निम्मे व्याज, म्हणजे वर्षाला शेकडा १२०. धान्य संपले की बायकांच्या अंगावरची चांदी गहाण पडे. पावरा स्त्रीचे जड चांदीचे दागिने पाहुण्यांना शोभेचे वाटतात. त्या घराची ती बचत असते. चांदीनंतर जमीन जाई आणि मालकच त्या जमिनीवर सालदार म्हणून राबे.

या साखळीला पहिला मोठा धक्का शहादा तालुक्यात बसला. अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासी एकत्र आले, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. पुढे राज्याने १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी शासनाकडून खावटी कर्जही मिळू लागले. तरीही श्रावण-भाद्रपद हे महिने डोंगरात अजून कठीणच जातात. मैदानात चातुर्मासाची पचखाणे घेतली जातात, त्याच काळात पाड्यावरच्या कणग्या रिकाम्या होतात. आपल्या ताटातून व्रताने वर्ज्य झालेले कंद तेथे रानातून खणून आणावे लागतात.

व्रताची परंपरा मात्र त्या डोंगराला नवी नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात भिल्लांमध्ये मोठी जागृती केली. दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, असा त्यांचा उपदेश होता, आणि अनुयायी एकमेकांना 'आप की जय' म्हणत. १९३८ मध्ये ते गेले, पण 'आप' पंथीय कुटुंबे आजही या भागात आहेत. काठीच्या राजवाडी होळीतही अंगाला राख फासून, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधून नाचणारा बुध्या केवळ हौसेने नाचत नाही. त्याने आधी काही दिवस 'पालनी' पाळलेली असते: ब्रह्मचर्य, अनवाणी चालणे, खाटेवर न निजणे. उंच बांबूची होळी पहाटे पेटते आणि रात्रभर ढोल थांबत नाही. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजाराविषयी बाहेर बऱ्याच रंगेल कथा सांगितल्या जातात. आदिवासी कार्यकर्ते त्यावर आक्षेप घेतात, आणि ते योग्यच आहे. तो मुळात सणाच्या खरेदीचा बाजार आहे.

डाब हे गाव याहामोगी मातेचे मूळ स्थान मानले जाते. तिची मोठी यात्रा महाशिवरात्रीला गुजरातेतील देवमोगरा येथे भरते. दुष्काळात लोकांना धान्य वाटणारी देवी, अशी तिची ख्याती. कोठाराची मालकीण आणि व्याज न घेणारी.

उत्तरेला डोंगर उतरत गेले की नर्मदा लागते, पण आता ती नदीसारखी दिसत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावांना झळ पोहोचली. मणिबेली हे त्यांतले पहिले. काही कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली, काही उतारावर वर सरकून तेथेच राहिली. त्यांच्या मुलांसाठी नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. काही पाड्यांवर आजही बोटीनेच जावे लागते.

जायचे असल्यास हिवाळा बरा. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलाव आणि सीताखाईचा कडा पाहण्यासारखे आहेत. चौविहार पाळणाऱ्यांनी खाखरे आणि पाणी बरोबर ठेवावे, कारण घाटात सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्याची खात्री नसते. विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये, मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटत फिरू नये. आमचूर, भगर काही घ्यायचे असेल तर बाजारात बसलेल्या बाईकडूनच घ्यावे आणि ती सांगेल त्या भावात घासाघीस करू नये.

मोलगीचा बाजार दुपार कलली की विरळ होतो. आमचुराची पोती शिवून ट्रकवर चढतात. ज्या बाईने सकाळी पोते उतरवले, ती नोटा दोनदा मोजून कमरेला खोचते, मीठ, तेल आणि एक साबणाची वडी घेते आणि भरलेल्या जीपच्या मागच्या फळीवर उभी राहते. जीप पाड्याच्या दिशेने चढू लागते, ट्रक देवगोई घाटाकडे वळतो.