राज्यपक्षी हरियाल, आणि त्याच्याच उंबराला करवत?

आज स्ट्रॉबेरीवर नाही, बांधावर लिहितोय.

आमच्या सामाईक बांधावरचं उंबर तोडायचं घाटतंय. कारणं दोन सांगतात. सावली पडते, आणि उंबरावर येणारी पाखरं खाली स्ट्रॉबेरी टोचतात.

सावलीचं मला मान्य आहे. कडेच्या दोन बेडना फळ बारीक येतं. पण त्याला फांद्या छाटायच्या, बुंध्याला हात कशाला? दुसरं कारण मात्र पाखरू न बघता काढलेलं. फळं टोचतो तो बुलबुल. उंबर असो नसो, तो येणारच, त्याला नेट लावा. उंबरावर थव्यानं बसतो तो हरियाल. हिरवट पिवळं अंग, हळदीसारखे पाय, खांद्याजवळ जांभळट डाग. पानांत असा मिसळतो की खाली उभं राहूनही दिसत नाही, टपटप उंबरं पडायला लागली की कळतं. खाणं, बसणं, घरटं सगळं झाडावर, जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणून तर जुनी माणसं सांगायची, हरियाल भुईला पाय लावत नाही, पाण्याला आला तरी पायात काडी धरून येतो. काडीचं सोडा, पण त्यांनी पाखरू नीट बघितलं होतं. आणि आपण त्याच्यावर मल्चिंगवरच्या फळाची चोरी लावतोय!

हा आपला राज्यपक्षी. शेकरू राज्यप्राणी, ताम्हण राज्यफूल, सगळं पोरांना पाठ. पोरगं त्याचे मार्क आणतं आणि बाप उंबर तोडायला माणूस बघतो.

कृष्णा आपल्या क्षेत्र महाबळेश्वरात उगवते. तीच खाली सांगली जिल्ह्यात औदुंबरला जाते. तिथं आपण दत्ताचं झाड म्हणून उंबराला प्रदक्षिणा घालतो, आणि घरी आलो की तेच झाड अडचण. वड, पिंपळ, उंबर हीच हरियालाची शिदोरी. त्यात उंबर वर्षातनं बऱ्याचदा फळतं, बाकी झाडं रिकामी असतात तेव्हाही. ही झाडं गेली की हरियाल दिसणं म्हणजे उंबराचं फूल दिसण्यातलंच.

कृषी क्षेत्रातल्या साहेब लोकांनाही सांगणं आहे, "बांध मोकळा करा" असं सरसकट बोलू नका. छाटणी कधी, किती करायची ते सांगा, आम्ही करू.

आमचं उंबर दोघांच्या हद्दीत आहे. तोडायला माझी संमती लागेल. ती मिळणार नाही. फांद्या छाटायची मजुरी मी एकटा द्यायला तयार आहे.