स्थानिक चलन : प्रेम आणि गरज

'कवडीमोल', 'सोळा आणे खरे', 'दमडीचाही उपयोग नाही' हे शब्दप्रयोग आपण आजही सहज करतो. त्यांतली नाणी व्यवहारातून केव्हाच गेली, भाषेत तेवढी उरली. चलन हा केवळ अर्थशास्त्राचा विषय नव्हे, असे मला वाटते ते यामुळेच. युरोपात छोट्या, स्वतंत्र दुकानदारांना आधार म्हणून जी स्थानिक चलने निघाली, त्यांच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहायला हवे.

कल्पना साधी आहे. साखळी दुकानात दिलेला पैसा बहुधा गावाबाहेर जातो. गावातल्या बेकरीवाल्याला दिलेला पैसा गावातच आणखी चार हात फिरण्याची शक्यता अधिक. मग गावापुरतेच चालणारे चलन का असू नये? इंग्लंडमध्ये टॉटनेस येथे २००७ साली, लंडनच्या ब्रिक्स्टन भागात २००९ साली आणि ब्रिस्टलमध्ये २०१२ साली असे पौंड निघाले. ब्रिक्स्टनच्या दहाच्या एका नोटेवर गायक डेव्हिड बोवी झळकला. ब्रिस्टलचे तत्कालीन महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी आपले वेतन स्थानिक पौंडांत घेतले. कौतुक पुष्कळ झाले. तरीही टॉटनेसचा पौंड २०१९ मध्ये बंद पडला आणि ब्रिस्टलच्या नोटाही २०२१ नंतर चालेनाशा झाल्या. लोक रोखीऐवजी कार्ड वापरू लागले, हे त्याचे एक कारण. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

तुलनेसाठी ऑस्ट्रियातील व्यॉर्गल हे छोटे नगर घ्यावे. १९३२ च्या मंदीत नगराध्यक्ष मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी सार्वजनिक कामांवरील मजुरी देण्यासाठी नगरपालिकेच्या चिठ्ठ्या काढल्या. दरमहा त्यांचे मूल्य १ टक्क्याने घटे. ते टिकवायचे तर तिकीट विकत घेऊन चिकटवावे लागे. साहजिकच चिठ्ठी साठवण्यापेक्षा खर्चणे परवडे. करभरणाही तिच्यात होई. १९३३ मध्ये हा प्रयोग थांबला तो मध्यवर्ती बँकेच्या विरोधामुळे, लोकांनी पाठ फिरवल्यामुळे नव्हे.

ब्रिस्टलमध्येही काही स्थानिक कर या चलनात भरता येत. मग फरक कुठे? व्यॉर्गलमध्ये पैसाच दुर्मीळ झाला होता. चिठ्ठी नसती तर मजुराला कामच मिळाले नसते. ब्रिस्टलच्या ग्राहकाच्या खिशात मात्र सर्वत्र चालणारा पौंड होताच. तो मोडून गावापुरता पौंड घ्यायचा, तो केवळ आपुलकीपोटी. दुकानदाराला पीठ, वीज, भाडे यांसाठी पुन्हा राष्ट्रीय चलनच लागणार. ज्याचा पुरवठादार हे चलन घेत नाही, त्याच्या गल्ल्यात ते अडकून पडते. थोडक्यात, ग्राहकाच्या प्रेमावर उभे राहिलेले चलन व्यापाऱ्याची गरज भागवू शकले नाही.

इथे एका धोक्याचीही नोंद घ्यायला हवी. व्यॉर्गलचे गुणगान करणाऱ्यांत कवी एझ्रा पाउंड होता. 'कँटोज'मध्ये या प्रयोगाचा उल्लेख येतो. त्याच पाउंडचा चलनविचार मुसोलिनीच्या स्तुतीशी आणि ज्यूद्वेषाशी जोडला गेला. सावकारीवरची टीका माणसांच्या एका गटावरचा आरोप कधी बनते, याचे भान सुटले की गावाच्या भल्याचा विचारही विषारी होतो. स्थानिकतेचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण जवळ ठेवावे.

हे सारे मराठीच्या अभ्यासकाला परके वाटू नये. आपल्या नोटांवरच्या भाषापट्टीत मराठी आहे. २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जाही मिळाला. पण भाषाही चलनासारखीच व्यवहारात फिरावी लागते. करारनामा, औषधाची चिठ्ठी, प्रयोगशाळेतली टिपणे, नोकरीची मुलाखत ही कामे तिच्यात होत नसतील, तर अभिमानाने जमवलेली तिची नाणी संग्रहातच राहतील. मराठीसाठी आंदोलने आणि संमेलने जरूर व्हावीत. पण विद्यापीठांतील मराठी विभागांनी आधी एवढे विचारावे : आमच्या विद्यार्थ्याचे कोणते काम मराठीवाचून अडते? त्याचे उत्तर देता आले नाही, तर ब्रिस्टलच्या नोटांपेक्षा आपली स्थिती फारशी वेगळी नाही.